सदुसष्ट दोषांची यादी

कोरेगाव, मंगळवार

चिरंजीव वीरधवल यास,

नाथाजीमामाचा आणि अंजनामामीचा आशीर्वाद. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तुझ्या आईनं कवठे महांकाळहून तीनदा फोन करून ती सांगितली आहे. जेवत नाहीस, दाढी करत नाहीस, आणि येत्या सोमवारी राजीनामा देऊन द्राक्षबाग बघायला घरी येणार आहेस. आमचं ठीक. मामीचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते त्याच्या मशीनमध्ये दोष आहे (लष्कराच्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाला एवढं कळतं). पत्र टपालानं पाठवतोय, कारण फोनवर तू 'व्हय मामा, व्हय मामा' करून मला दोन मिनिटांत गुंडाळतोस.

तर तुमच्या कंपनीचा तो 'दिगंत' नावाचा खेळ मी पाहिला. पाहिला म्हणजे आपल्या सूनबाईच्या, पूजाच्या कॉम्प्युटरवर एकवीस दिवस खेळलो. चार दिवाळ्या तू घरी आला नाहीस त्या ज्याच्यापायी, ते आहे तरी काय हे मला बघायचं होतं. जाहिरातीत तुम्ही वचन दिलं होतं की या जगात जिथं नजर जाते तिथं पाय जातात, प्रत्येक दार उघडतं, माणसं तुमची ओळख ठेवतात आणि जनावरांना भूक-तहान लागते. वाचून मी पूजाला म्हणालो की एवढं तर आपल्या कोरेगावातसुद्धा होत नाही. पण पोरानं म्हटलंय तर असेल, म्हणून पहिल्याच दिवशी मी गावातली चौदा दारं ठोठावली. तीन उघडली. त्यातल्या दोन घरांत कुणी नव्हतं आणि तिसऱ्यात जमीनच नव्हती, नुसतं निळं आभाळ. मी आत पाऊल टाकलं आणि पडायला लागलो. किती वेळ पडलो म्हणशील तर मामीनं चहा ठेवला, उकळला, गाळला, आम्ही दोघांनी प्यायला, तरी मी पडतच होतो.

वेशीवरच्या फेटेवाल्या पाटलाची तर मला दया येते. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा म्हणाला, "राम राम पाव्हणं, आमच्या गावात नवं दिसताय." बरं वाटलं. पण त्यानंतर मी जितक्या वेळा तिथून गेलो तितक्या वेळा तो हेच म्हणाला, आणि वडीलधाऱ्या माणसाला उत्तर न देता जाणं मला जमत नाही, म्हणून मीही दरवेळी बटण दाबून थांबून राम राम करत राहिलो. पूजा हसून लोळायची. वीस दिवसांनंतरही मी त्या गावात नवाच आहे (आणि खरं सांगायचं तर आपल्या तालुक्यातही असे दोघेतिघे आहेत, त्यामुळे याला मी मोठा दोष धरत नाही).

खरी अडचण बैलाची झाली. खेळात मला एक निरोप घेऊन गडावर जायचं होतं. सोबत बैलगाडी दिली होती. निघणार एवढ्यात मामी मागून म्हणाली, "आवं, गडाचं ऱ्हावू द्या. त्या बैलाला आदी पाणी दावा. जीभ भाईर काढलीया त्येनं." मी म्हणालो की अगं, ते चित्र आहे. त्यावर ती म्हणाली, "चित्र आसू दे, न्हाईतर काय बी आसू दे. मुकं जनावर हाय." झालं. गड राहिला बाजूला. विहिरीवर नेलं तर बादली बैलाच्या तोंडातून आरपार गेली. ओढ्यावर नेलं तर तो पाण्यावरून चालत पलीकडे गेला आणि खुरं कोरडी. नदीत ढकलला तर परत आल्यावर घराच्या कौलांवर उभा. नऊ दिवस आम्ही नवरा-बायको त्या एका बैलाला पाणी पाजायचा प्रयत्न करत होतो. शेजारचे दादासो (हेही माझ्यासारखेच निवृत्त फौजी) रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "प्याला का रं?"

पण वीरधवल, त्या नऊ दिवसांत मी तो बैल जवळून बघितला, आणि तेच सांगायला हे पत्र आहे. माशी बसली की तो तेवढंच कातडं थरथरवतो. उन्हातून सावलीत आला की एक सुस्कारा टाकतो. जू मानेवर ठेवण्याआधी, कुणी न सांगता, मान खाली घालतो. हे पुस्तकात वाचून कुणाला सुचत नाही. हे तुझ्या आजोबांच्या गोठ्यात बसून बघितलेलं आहे. वारा आला की उसाचं पाचट वाजतं, तेसुद्धा हुबेहूब. मामीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मला तुझा अभिमान वाटला. हे तोंडावर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

आता त्या यादीबद्दल. तुझी आई दीपमाला म्हणाली की 'ग्राहक, सातारा' असं नाव लावून कुणीतरी खेळाच्या पानावर सदुसष्ट दोषांची यादी टाकली, ती लोकांनी हसत हसत देशभर फिरवली, आणि ती वाचल्यापासून तू राजीनाम्याचं घेऊन बसलास. मी ती यादी वाचली आहे. माणूस कोण असेल तो असो, पण नीटनेटका आहे. क्रमांक घातलेत, एकही दोष दोनदा नाही, वेळ आणि जागा लिहिली आहे. अशा माणसावर रागावू नये. दोष दिसले म्हणून दुरुस्त होतात. आणि द्राक्षबागेचं म्हणशील तर तुला डाउनी आणि भुरी या वेलीच्या रोगांतला फरक कळत नाही, हे तुझी आईच सांगते.

जेवत जा. दाढी कर. सोमवारी ऑफिसात जा, पण हात हलवत जा, कागद घेऊन जाऊ नकोस.

तुझा,
नाथाजीमामा

ता. क. – ती यादी माझी आहे. मनाला लावून घेऊ नकोस, आधी ऐक. आमच्या वर्कशॉपात गाडी ताब्यात घेताना दोषांची यादी करायची रीत होती. भंगारात काढायच्या गाडीची यादी कुणी करत बसत नाही. जी गाडी आपण स्वतः चालवणार, तिचाच स्क्रू न् स्क्रू लिहायचा. एकवीस दिवस मी दुसरं काही केलं नाही.

ता. क. २ – खेळाच्या पानावर पाचपैकी तारा एकच दिला, हेही खरं. खांद्यावर एक तारा चढायला मला चोवीस वर्षं लागली होती, त्यामुळे पहिल्याच झटक्यात एक म्हणजे मला भरपूर वाटला. दादासोंसह गावातल्या अकरा माजी सैनिकांकडूनही तुला आग्रहानं एकेक देववला. ते पेढे मागत होते. पूजानं काल सगळं समजावून सांगितल्यापासून कुणी मागत नाही.

ता. क. ३ – प्रत्येक यादीखाली एक शेवटची ओळ असते. तिच्याशिवाय तो कागद पुरा होत नाही. मी लिहिली होती, पण त्या चौकोनात अक्षरांची मर्यादा संपली आणि मशीननं ती कापून टाकली, हे मला कालच कळलं. ती इथं सहीनिशी लिहून देतो. तुझ्या साहेबांनाही दाखव.

'वरील सदुसष्ट दोषांसह गाडी ताब्यात घेतली. गाडी उत्तम आहे. ही ज्यानं घडवली त्या कारागिराला दुसऱ्या कामावर पाठवू नये.'

नायब सुभेदार नाथाजी (निवृत्त)