दुरुस्ती

१४ फेब्रुवारी, मंगळवार
सायकल माझ्या पडवीत आहे. उभी नाही, भिंतीला टेकलेली. स्टँडच नाही तिला. काल शाळेच्या मैदानावर हार-तुरे झाले. पुण्याच्या एका मंडळाचा निखिल या सायकलवरून कापसाच्या गावांतून महिनाभर हिंडला. शेवटी सायकल इथेच देऊन रेल्वेने परत गेला. पिशव्या आणि त्या अडकवायची कॅरिअर्स सोबत घेऊन गेला, त्याची स्वतःची होती. सायकल मिळाली वनिताला. मुकुटबन रस्त्यावरच्या फाट्यावर आमच्या पेपरची एजन्सी तिची. पहाटेच्या एसटीतून गठ्ठा उतरवते, डोक्यावर घेते, तीन गावं पायी वाटते. नवरा देवा इथल्या जिनिंगमध्ये होता. ते बंद पडल्यावर हिंगणघाटला सूतगिरणीत गेला. महिन्या-दोन महिन्यांनी येतो.
वाकडं हँडल पाहून वनिता म्हणाली, “भाऊ, हे बसाची हाये का वाकाची?”
लहानपणी बापाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून, कैची मारून शिकली आहे. चालवेल. पण आधी तिच्यावर गठ्ठा राहिला पाहिजे.
बातमी पाठवली. अकरा ओळी. साधी.

१६ फेब्रुवारी
छापून आली. सगळ्या आवृत्त्यांत, फोटोसकट. मथळा: शेतकरी विधवेला सायकलचा आधार.
माझं वाक्य होतं: “नवरा हिंगणघाटला गिरणीत, इथे एजन्सी ती एकटीच सांभाळते.” त्यातलं ‘एकटी’ तेवढं ठेवलं.
अंक तिनंच वाटला. वाटताना वाचायला वेळ नसतो. तिसऱ्या गावात मास्तरांची बायको दारातच तिचा हात धरून रडायला लागली. “कधी झालं गं? सांगतलं बी नाई.” तेव्हा तिनं पान उघडलं.
दुपारच्या एसटीने वणीला माझ्याकडे आली. बसली नाही. “भाऊ, जिता हाये माहा नवरा. आन् मीच घरोघरी टाकून आली का तो मेला म्हनून.”
डेस्कला फोन लावला. नवीन मुलगा होता. म्हणाला, “सर, तुमच्याकडे तशाच असतात ना बहुतेक.” वर म्हणाला, दुरुस्ती पाठवा, पाहतो.
दोन ओळी पाठवल्या.

२० फेब्रुवारी
देवाने फाट्यावरच्या एसटीडी बूथवर फोन केला. हिंगणघाटच्या चहाटपरीवर तोच अंक वाचला त्याने. पहिलं वाक्य, “कधी मेलो मी?” वनिताला वाटलं थट्टा करतोय, हसली. थट्टा नव्हती. गिरणीत पोरं त्याला ‘स्वर्गवासी’ म्हणून हाक मारतात. त्याचं म्हणणं, सायकलीसाठी तूच तसं सांगितलं असशील. ठेवून दिला फोन.

४ मार्च
सायकल गफूरभाईंच्या दुकानात नेली. फिरवून फिरवून पाहिली त्यांनी. “साब, ये तो दुल्हन उठा लाए. काम करवाना है तो पहले मेकअप उतारना पडेगा.”
हवा भरायला गेले तर पंपाचं तोंडच बसेना. व्हॉल्व्ह सुईसारखा बारीक. टायर वणीत नाही, यवतमाळला नाही, नागपूरला मागवा म्हणे. तिकडून टायर येईपर्यंत पेपर शिळा.
ठरलं ते असं. दोन्ही चाकं साध्या काळ्या सायकलची. हँडल सरळ, तेही काळ्याचंच. गिअर काढून साखळी आखूड. मागे दूधवाले लावतात ते जाड सळ्यांचं कॅरिअर, दुपायी स्टँड, घंटी. वनिताने मडगार्डचा हट्ट धरला. “पेपरवर चिखल उडला तं लोक पैसे देत नाईत.” बरोबर आहे. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय केलंय ते रोज पाहतो.
काढलेलं सगळं पोत्यात भरायला तिनंच सांगितलं. “त्याइचं हाये. इकाचं नाई.”

११ मार्च
गफूरभाईंनी कॅरिअर उलटं बसवलं, टाच लागत होती. भांडण झालं. मग सुलटं केलं आणि म्हणाले, मी आधीच सांगत होतो. जाड टायर नि मडगार्ड यांच्यामध्ये बोट जाईना. “चलेगा,” म्हणाले.

२३ मार्च
दुरुस्ती आली नाही. पुन्हा पाठवली. या वेळी वरच्या साहेबांशी बोललो. आवाज गोड. “अहो, आता छापलं तर त्या पुण्याच्या मंडळींची फजिती. चांगलं काम करतायत. आणि बाईचं नुकसान काय झालं? सायकल मिळालीच ना.”
याच माणसाला नगराध्यक्षाच्या नावातली वेलांटी चुकली तेव्हा दुसऱ्या दिवशी चौकटीत दिलगिरी छापावी लागली होती. मीच लिहून दिली होती.

९ एप्रिल
वनिताची सायकल पळते आहे. चौथं गाव घेतलं. पेपर आठच्या आत पोचतो. येताना कॅरिअरवर कोणाचं पीठ, कोणाची औषधं, एकदा कोंबडी. मधल्या दांडीमुळे लुगडं जमत नाही म्हणून पंजाबी ड्रेस घालते. त्यावरही बोलून झालं गावाचं. “नवरा मेला नाई तं रंग पाहा.” ज्यांना तो जिवंत आहे हे ठाऊक आहे, तेच बोलतात.
मी विचारलं, वाईट वाटतं का. “त्याइले मजा येऊन राह्यली, येऊ द्या. गावाले ठाऊक हाये तो जिता हाये. हिंगणघाटले कोनाले ठाऊक हाये?”

२७ जून
पाऊस. फाट्यापासून पुढे काळी माती. मडगार्डात चिखल दाबून बसला नि चाक जाम. ना पुढे, ना मागे. गठ्ठा डोक्यावर, सायकल खांद्यावर, असं निम्मं अंतर. पेपर दुपारी पोचले. वितरण विभागाचा मला फोन: एजंट बदलायचा का?
म्हटलं, चार महिन्यांपूर्वी याच बाईचा फोटो छापलात तुम्ही. तिकडून: “कोणती बाई?”

२९ जून
मडगार्ड काढले. काळी माती तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण पेपर चिखलात की चाक चिखलात, एकच निवडायचं होतं. आता गठ्ठ्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक, नि दांडीला चिखल कोरायची तुऱ्हाटीची काडी बांधलेली. गफूरभाई म्हणतात, मी आधीच सांगत होतो.

२० ऑगस्ट
देवा जूनमध्ये आला नाही, जुलैतही नाही. पैसे पाठवतो, कोणाच्या तरी हाताने. बोलत नाही. आज वनिताने गिरणीच्या फाटकावर फोन लावून निरोप दिला. उलट निरोप आला: “ज्या पेपरात मारलं, त्याच पेपरात जिवंत करा. मंग येतो.”
हे मला येऊन सांगितलं तिने. मग म्हणाली, “दसऱ्याले दरसाल नागपूरले जातो आमी, दीक्षाभूमीवर. लगन झाल्यापासून एक साल चुकलं नाई.” चहा प्यायली, गेली.
तिसऱ्यांदा पाठवली दुरुस्ती. त्याच दोन ओळी. आता पाठ झाल्यात.

१२ सप्टेंबर
निखिलचा फोन. पुण्यात प्रदर्शन भरवतायत, कापूसपट्ट्याचे फोटो वगैरे. मधोमध ती सायकल हवी. बदल्यात वनिताला दुकानातली नवी कोरी देणार. म्हटलं, सायकल तिची आहे, तिला विचार. आणि ती विधवा नाही, हे तुला माहीत आहे ना?
म्हणाला, “सर, मी तर पेपरातच वाचलं.”
तो इथे होता तेव्हा चहा दिला होता तिने. विचारलं नव्हतं त्याने. आजकाल कोणीच विचारत नाही. गाडीतून उतरतानाच सगळ्यांना ठाऊक असतं.

२४ सप्टेंबर, रविवार
निखिल जीप घेऊन आला. वनिताच्या घरी मी सोबत गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली सुतळीचे गुंडे, अंगणात सायकल. पाहून त्याचा चेहरा पडला. “अरे, ही… ही ती नाहीच. दूधवाल्याची केलीत हिला.”
“पेपरवालीची,” वनिता म्हणाली.
पोतं आणून त्याच्या पायाशी ठेवलं. वाकडं हँडल, बारीक टायर, गिअर, चाकं, सीट. पुसून ठेवलेलं सगळं. “हे तुमचं, दादा. जुळवा, न्या. बाकीची माही.”
नुसत्या पोत्यातून सायकल होत नाही, सांगाडा लागतो. तो म्हणाला, नवी देतोच आहे ना, ताई.
“बरं, न्या. पन तिथं पाटी लावसान ना? काय लिवसान तिच्यावर?”
तो पोत्याची सुतळी बांधायला लागला.
“लिवा का हिचा नवरा जिता हाये, हिंगणघाटले गिरनीत हाये. लावसान अशी पाटी?” मग स्वतःच हसली. “मंग पाहाले कोन येईन?”
पोरगा वाईट नाही. जाताना जीपमध्ये म्हणाला, “संपादकांशी मी बोलतो. माझ्या मंडळाची फजिती होऊ दे.” पोतं नेलं. सायकल तिथेच.

१ ऑक्टोबर, रविवार
उद्या दसरा. परवा अंक नाही, सुट्टी.
संध्याकाळी डेस्कचा फोन. निखिल खरंच बोलला. दुरुस्ती उद्या लागते आहे, पान पाच, खाली. “जाहिरात आली नाही तर.” दसऱ्याच्या अंकात!
विचारलं, सगळ्या आवृत्त्यांत? नाही. यवतमाळच्याच पानावर. हिंगणघाटला वर्ध्याचं पान जातं. खोटं सगळीकडे गेलं होतं. खऱ्याला जिल्ह्याची हद्द.
वाद घातला. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मी ओरडत होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा.
बूथवर फोन करून वनिताला सगळं सांगितलं, पान, जागा, आवृत्ती. ऐकून घेतलं. गिरणीच्या फाटकावर तिने कालच निरोप ठेवलाय: दीक्षाभूमीवर दरसाल बसतो तिथंच बसीन. तो येईल का, माहीत नाही. उलट निरोप नाही.
“पहाटे गठ्ठा सोडीन, वाटीन, सायकल फाट्यावर लावीन, नागपूरची एसटी धरीन.”
आधी पान पाच पाहशील ना?
“आधी वाटप, भाऊ. आठच्या आत.”
मग म्हणाली, “माह्या गठ्ठ्यात एक अंक जास्तीचा टाकाले सांगा. संग नेतो.”
वितरण विभागाला सांगितलं.