मुराळी आल्याशिवाय रेकॉर्ड देऊ नये

मी कमलबाई मोतीलाल महाले, वय बावन्न, धंदा गाणे, राहणार पिंप्राळा, तालुका जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने करून ठेवते. वकीलसाहेबांनी धंद्यापुढे 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. गळ्यातल्या गाठीने माझा आवाज नेला, पण अक्कल जागेवर आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात माणूसच उरलेले नाही.

१. हे दोन खोल्यांचे घर माझ्या यजमानांनी माझ्या नावावर घेतले. ते ऑर्केस्ट्रात पेटी वाजवत, मी गात असे. माझ्यामागे घर मेहरुनला द्यावे. ती आमच्या सॅक्सोफोनवाल्या इसाकभाईंची मुलगी. दुखण्यात माझे सगळे तिने केले, तेही नाक न मुरडता. माझ्या दिरांनी हरकत घेऊ नये. मोतीलाल गेल्यावर त्यांच्यापैकी कोणी या दाराची कडी वाजवलेली नाही. आता वाजवली तरी मला ऐकू येणार नाही.

२. पेटी इसाकभाईंना द्यावी. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोकांच्या नाचाला जाझ वाजवत ते शिकले. एकदा भाकरी थापताना मी आखाजीचे झोक्यावरचे गाणे गुणगुणत होते, तर त्यांनी ओसरीवरून त्याला सॅक्सोफोनची साथ धरली. म्हणाले, "भाभी, ये गाना तो अमरीका में भी रोते हैं." मग तिकडच्या काळ्या बायकांची एक रेकॉर्ड त्यांनी मला ऐकवली. भाषा कळली नाही, पण त्या कशाने रडत असतील ते कळले. त्यानंतर मी स्वतःची गाणी रचू लागले. शब्द अहिराणी, चाल झोक्याची, साथ जाझची, आणि पोरांनी ऐकावे म्हणून ठेका सिनेमाचा.

३. ही गाणी कोणी कंपनी घेईना. १९६९ साली पाटल्या मोडून मी मुंबईला भाड्याच्या स्टुडिओत ती भरली आणि रेकॉर्ड स्वतःच काढली. नाव 'आखाजी'. जळगावच्या उत्तमचंदशेटनी दुकानातून सगळ्या परत पाठवल्या. "बाई, ही कोणत्या खणात ठेवू? भजनात, सिनेमात की इंग्रजीत?" शेटना माझ्यातर्फे एक रेकॉर्ड फुकट द्यावी. खण त्यांनी सावकाश शोधावा.

४. आता माहेर. कोर्टातले साहेब परगावचे असतील म्हणून लिहिते: आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात आणि निंबाला झोके बांधून गातात. लेक आपल्या पायाने जात नाही. भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला येतो. माझा धाकटा भाऊ उखर्डू, राहणार कापडणे, तालुका धुळे, यायचा. त्याला मी कडेवर वाढवला. मी स्टेजवर उभी राहिले त्या वर्षी तो आला, उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला, "अक्का, बठ्ठा गावमा मन्हं नाक कापं तू. आते आखाजीले येवानं नही." पाणीही न पिता गेला. पुन्हा आला नाही. दर आखाजीला मी पिशवी भरून ठेवते. यंदाही भरली आहे. मला त्याचा राग आहे आणि त्याची आठवणही फार येते.

५. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको बेबाबाई डोळे दाखवायला जळगावला आली आणि चोरून मला भेटून गेली. रेकॉर्डवरचे माझे गाणे एका बँडवाल्याने लग्नात वाजवले, ते आता गावात झोक्यावर गातात म्हणाली:

झोका रिकामा हालस वं माय,
मुराळी वाट चुकना

पोरींना वाटते, गाणे आज्या-पणज्यांच्या वेळचे आहे. मी विचारले, उखर्डू ऐकतो का? बेबाबाईने पदर डोळ्याला लावला. "गानं सुरू व्हयनं का उठी जातस. पन दूर जातस नही. दारना आड उभा ऱ्हातस."

म्हणजे गाणे माझे आहे हे त्याने ओळखले आहे. पोरींना मात्र कोणी काही सांगू नये. त्यांना ते जुनेच वाटू द्यावे.

६. एक रेकॉर्ड मी माहेरच्या लुगड्यात बांधून ठेवली आहे. ती उखर्डूची. पण टपालाने पाठवू नये, कोणी नेऊन देऊ नये. तो स्वतः घ्यायला आला तरच द्यावी. तो आला तर मेहरुनने त्याला आत बसवावे, पाणी द्यावे, आणि आपल्याकडे मुराळ्याला विचारतात तसे विचारावे, "कोनले लेवाले उनात?" म्हणजे, कोणाला न्यायला आलात?

रेकॉर्ड न्यायला आलो म्हणाला, तर देऊ नये.

'मन्ही बहीनले' म्हणाला, तर लुगड्यासकट त्याच्या हातात द्यावी. भरलेली पिशवीही द्यावी.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे. माझ्यादेखत दोघांनी साक्ष घातली.

सही: कमलबाई मोतीलाल महाले

साक्षीदार: सरदार इब्राहिम, ढोलकीवाले
साक्षीदार: सज्जनबाई दलिचंद, शेजारीण

पिंप्राळा, वैशाख शुद्ध प्रतिपदा, सन १९७४. आखाजी परवा आहे.