तांडेलला घेऊन चढावर

नम्रता,

तांडेलला घेऊन आरे-वारेच्या चढावर चाललोय. कुत्र्याचा पट्टा खुंटीवर दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. गोळी घेतली आहे, फोन खिशात आहे.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा मी नाक्यावरच्या टपरीवर बसून परत यायचो. तुला ते कळत होतं. तुझी आई गेल्यापासून मी आणि तांडेल पडवीत बसून खारी खायचो नि फुगायचो. मग जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काका, ह्याला चालवलं नाहीत तर ह्याचे पाय जातील." जे स्वतःसाठी केलं नाही ते त्याच्यासाठी सुरू केलं. खारी बंद झाली. आता सकाळी तोच माझं पांघरूण ओढतो.

काल आम्ही तो चढ न थांबता चढलो. तुझ्या आईची ती आवडती जागा. ती गेल्यावर तिकडे जायचा मला धीरच होत नव्हता. काल वर बसून समुद्र बघितला, थोडा रडलो, आणि भूक लागली म्हणून खाली आलो.

तांडेलसाठी बांगडा उकडून, काटे काढून ठेवलाय. त्यात मीठ घालू नकोस. तुझ्यासाठी नाचणीची भाकरी केली आहे. उपाशी ऑफिसला पळू नकोस.

तुझा भाऊ संदेश आज मला मुंबईला न्यायला येतोय, आणि कुत्रा कुणाला तरी देऊन टाका म्हणतोय. तू त्याच्याशी भांडू नकोस. संध्याकाळी मीच त्याला आमच्याबरोबर चढावर नेतो. वर पोचल्यावर त्याच्यात बोलायला दम उरला, तर ऐकून घेईन.

बाबा