माझ्या देहाला तेल लावू नये

हे लिहायला मी इतकी टाळाटाळ केली, की उद्या सकाळी छाती उघडायची वेळ आली तेव्हा कुठे कागद हातात घेतलाय. आधी वाटलं, वागमणच्या घाटात एक चक्कर मारून येऊ, मग लिहू. मग पेन धड नव्हतं. मग हम्साक्कांशी पत्ते खेळण्यात दुपारी गेल्या. हम्साक्का म्हणजे शेजारच्या खाटेवरचे मासेवाले, नाव हम्सा; आमच्याकडे वयानं मोठ्या मुसलमान माणसाला 'इक्का' म्हणतात. मृत्युपत्र लिहिणारा माणूस गंभीर असतो अशी माझी समजूत होती आणि मी गंभीर व्हायची वाट बघत होतो. झालो नाही. तसाच लिहितो.

तर मी, एबिन चाक्को, मन्नूत्तरा घराण्यातला, वय सत्तावीस, मूळ गाव पालाच्या पुढचं तेक्केमला, सध्या मुक्काम सरकारी इस्पितळ, हृदयाचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. (काकांचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.) मी प्यालेलो नाही. हे माझ्याकडून कुणी लिहवून घेत नाहीये. माझ्या नावानं आपल्याला हवं ते लिहिणारे उद्या येणार आहेत, मला भूल दिली की. म्हणून आजच. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केलं असतं तरी एव्हाना हरवलं असतं.

कलम पहिलं, देह. बाकीचं सामान एका पिशवीत मावेल, म्हणून आधी हेच. ऑपरेशनमध्ये मी गेलो, तर माझा देह मेडिकल कॉलेजात पोरांना शिकायला द्यावा. तेक्केमलाच्या चर्चमध्ये नेऊ नये. अच्चननी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, माझ्या कपाळाला किंवा हातापायांना मंतरलेलं तेल लावू नये. जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही, आणि बेशुद्ध असताना तर मुळीच नाही. बेशुद्धीचं मुद्दाम लिहितोय, कारण त्यांचा खरा धंदा तेव्हाच चालतो.

आमच्या गावात पोन्नूस सर होते. गणित शिकवायचे आणि देव मानायचे नाहीत. घरात संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की हे व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचायचे, तेही मोठ्यानं. मी त्यांच्या नादानं बिघडलो असं गाव म्हणतं. साफ खोटं. त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "एबिन, तू हे सगळं मानतोस, की तुझं पाठ आहे?" मी म्हटलं, पाठ आहे. ते म्हणाले, "मग ठीक आहे," आणि पुढचं गणित घातलं. धर्म सुटला तो कितीतरी नंतर, गुजरातेत, मोरबीच्या टाइल्सच्या कारखान्यात. जेवणाची सुट्टी होती, ताक पीत होतो, विशेष काही घडलं नव्हतं. घरमालक गाव सोडून गेलाय हे भाडेकरूच्या कसं उशिरा लक्षात येतं, तसं माझ्या लक्षात आलं, की वर बरेच दिवस कुणी राहत नाहीये. ताक संपवलं. मोरबीचं ताक चांगलं असतं, पण त्यात ते मीठ फार घालतात. असो.

तर पोन्नूस सर आजारी पडले, शुद्ध गेली, आणि मुलांनी अच्चनना बोलावून तेल लावून घेतलं. पुढच्या रविवारी अच्चन वेदीवरून सांगतात, "शेवटच्या क्षणी आपल्या या भावानं मला हाक मारली." ज्या माणसाच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, त्यानं हाक मारली! बँड लावून अंत्ययात्रा काढली. उघड्या पेटीभोवती सगळं कुटुंब दाटीवाटीनं उभं राहिलं, फोटोवाला म्हणाला, "मोठ्या सूनबाई, जरा आत सरका." कॅनडातल्या मुलीला सगळं थेट दिसत होतं. हरवलेलं मेंढरू परत आलं म्हणून बायका रडल्या. सर जिवंत असताना ज्यांना त्यांच्याशी वादात एक वाक्य धड बोलता आलं नाही, त्यांनी सरांच्या प्रेताशी वाद घातला आणि जिंकला. माझी आई शेवटचे दिवस सरांच्या उशाशी बसायला जायची, शेजारी म्हणून. ती मात्र त्या दिवशी जेवायला थांबली नाही. पोटबिट दुखत असेल.

उद्या माझं तेच होणार आहे. आमचे वर्कीचन काका चर्चचे विश्वस्त आहेत. बाबा गेल्यापासून आमच्या घराचेही विश्वस्त तेच, कुणी नेमलेलं नसताना. आज सकाळी केळ्यांचा घड घेऊन आले.

"मोने, बाळा, थेंबभर तेलानं काय बिघडतं रे? गाडीत घालतोसच ना?"

"गाडीला लागतं म्हणून घालतो."

"आणि गेलास तर? मवाल्यांच्या खड्ड्यात जायचंय?"

मवाल्यांचा खड्डा म्हणजे आमच्या दफनभूमीच्या मागचा, फणसाखालचा कोपरा. जीव दिलेले, चर्चशी भांडलेले, पाखंडी, अशांना पूर्वी प्रार्थनेशिवाय तिथे पुरत. आता पुरत नाहीत, पण दम द्यायला जागा राखून ठेवलीय.

"फणस गोड लागतात तिथले," मी म्हटलं.

"आईचा विचार कर. तुझ्या बापाच्या, चाक्कोच्या थडग्यात तुझी जागा आहे. मी अच्चनशी बोलून ठेवलंय."

"आणि मी नको म्हटलं तर?"

काका प्रेमानं हसले. माझ्या गालाला हात लावला. "उद्या दहा वाजता तुला विचारणार कोण?"

हम्साक्का खाटेवरून ओरडले, "ओ साहेब, केळी ठेवा आणि निघा! पोराचं हृदय नाजूक आहे, तुमचं थोबाड जड पडतंय त्याला."

मी चौकशी केलीय. कॉलेजच्या बाईंनी देहदानाचा कागद दिला (तो सिस्टरच्या टेबलावर पडून आहे) आणि स्पष्ट सांगितलं, मेलेल्याच्या इच्छेपेक्षा जवळच्या नातेवाइकाची सही मोठी. जवळचं नातेवाईक म्हणजे आई. आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे हे पहिलं कलम हवेत लटकलंय, ते मला कळतं. तरी लिहितो. उद्या खोटं बोलणाऱ्यांना निदान बोलताना घाम यावा.

कलम दुसरं, मोटरसायकल. ही हम्साक्कांच्या जावयाला द्यावी, हेल्मेटसकट, आणि त्यानं ते डोक्यावर घालावं, हातात अडकवू नये. हे मी लिहितोय याचं माझ्या जुन्या मित्रांना हसू येईल. आरशाला जपमाळ टांगून मी वागमणचा घाट डोळे मिटून उतरायचो. वाटायचं, सांभाळणारा आहे, आणि नाही सांभाळलं तर पुढचा मुक्काम तयार आहे. देव गेला आणि मी भित्रा झालो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, बोटीत जीवरक्षक जाकीट मागतो. धर्म सोडलेली पोरं मोकाट सुटतात म्हणे. कोण सांगतं यांना? मी मोकाट होतो तो धर्मात असताना.

खाण्याचंही तसंच. गुड फ्रायडेला बीफ खाईन असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खाल्लं. चामडं खाल्ल्यासारखं लागलं. आणि ईस्टरला बदकाचा रस्सा समोर आला तर त्यालाही चव नाही. ईस्टरआधीच्या उपासाचे पन्नास दिवस तोंड बांधून बसल्यावर त्या रश्श्याची जी चव लागायची, ती माझ्याच तोंडातली होती, हे आधी कुणी बोललं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मला खोटं बोलता येईनासं झालं. पूर्वी शनिवारी पापकबुलीच्या जाळीमागे गुडघे टेकायचे, आठवड्याची घाण अच्चनच्या कानात ओतायची, आणि हलकं होऊन बाहेर यायचं. पुढच्या शनिवारी तीच घाण. आता न्यायची कुठे? ज्याचं वाईट केलं त्याच्याच दारात जावं लागतं, आणि तो अच्चनसारखा तीन प्रार्थना सांगून सोडत नाही, तो आत बोलावतो, बायकोला हाक मारतो, म्हणतो, "बघ, हा तोच." अलप्पुळाच्या हाउसबोटीवर मी वाढपी होतो. बर्फातला शिळा मासा 'आत्ता पकडलेला' म्हणून वाढायचा असे. एका पाहुणीनं विचारलं, "ताजा आहे ना?" मी म्हटलं, "नाही." झालं, नोकरी गेली. मालक रोज सकाळी मेणबत्ती लावणारा भक्त माणूस.

कलम तिसरं, बाबांचा रबराची साल काढायचा सुरा. हा आईला द्यावा. तो मी घर सोडताना घेऊन निघालो आणि होसूर, गोवा असा फिरवला. कुठेही रबराचं झाड नव्हतं. आईनं मला घालवलं असं गाव म्हणतं, तेही अर्धवट. गुजरातेतून परत आलो आणि जपाला बसत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "जो प्रार्थनेला बसत नाही, त्यानं या घरात जेवायलाही बसू नये." मी म्हटलं, देव नाहीये अम्मची, कशाला भिंतीशी बोलता? तिनं माळ खाली ठेवली. "नाही म्हणतोस? मग तुझ्या बापाला मी रोज संध्याकाळी कुणाच्या स्वाधीन करते?" मी जेवलो नाही. निघालो. एक सांगतो, अजून दिवस मावळला की मला कुठेही असलो तरी भूक लागते. आमच्याकडे जप संपला की पेज वाढायचे. गुडघ्यांचं माहीत नाही, पोट अजून ख्रिस्ती आहे.

कलम चौथं मी सोडून देतो. तिथे एका मुलीचं नाव येणार होतं. चर्चनं लग्नाला लागणारं परवानगीचं पत्र दिलं नाही, आणि तिच्या बापाला तेवढंच निमित्त हवं होतं. तिचं झालंय आता.

कलम पाचवं, नास्तिक मंडळ. मंडळाला माझ्याकडून काहीही देऊ नये, आणि मंडळानं माझ्या नावानं शोकसभा घेऊ नये. देव सोडून मी यांच्यात गेलो तर इथे अध्यक्ष, सचिव, दर रविवारी सकाळी सभा, वर्गणी, आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारे तसलेच काका. पूर्वी मी चर्चच्या गायनात होतो, आवाज बरा आहे. एकदा सहलीत भांडी घासताना जुनं प्रार्थनागीत गुणगुणलो, तर सचिवांनी मला लेखी समज दिली. लेखी! मी म्हटलं, "चाल चांगली आहे हो." ते म्हणाले, "चालीतूनच शिरतं ते." अगदी हेच वाक्य अच्चन सिनेमाच्या गाण्यांबद्दल म्हणायचे. ऑपरेशनचं कळवल्यावर मंडळाकडून निरोप आला, "धीर धरा, विज्ञानावर विश्वास ठेवा." बघायला एकही आला नाही. साक्षीदार म्हणून सही करायला दोघांना फोन केला, दोघांच्याही घरी नेमकं कुणाचं तरी बाप्तिस्म्याचं जेवण आहे.

कलम सहावं, कुटुंबाच्या थडग्यातली माझी जागा. डावीकडे बाबा, मध्ये आईची जागा, उजवीकडचा कोनाडा माझा. हा कोनाडा मी वर्कीचन काकांना देतो. त्यांनी आमच्या घरात एवढा जीव लावलाय, तर देहही तिथेच ठेवावा. मात्र आईच्या शेजारी पडून तिला सल्ले देऊ नयेत.

बाकी कपडे, फोन, गोव्यात घेतलेली गिटार (दोन तारा नाहीत), ज्याला हवं त्यानं घ्यावं. केळी हम्साक्कांनी निम्मी संपवली आहेत, उरलेलीही त्यांचीच.

हम्साक्कांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण पहाटेच्या नमाजात मी तुझ्यासाठीसुद्धा मागून ठेवलंय बरं का."

"कशाला? मी मानत नाही ना."

"मग माझ्या नावावर राहू दे. वाया थोडंच जातं?"

माणूस मासे ताजे विकतो, एवढं मला पुरे.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि त्यातला एकही शब्द उद्या माझ्या तोंडी घातल्या जाणाऱ्या शब्दांपुढे मागे घेत नाही. मी कुणाला हाक मारली असं कुणी सांगितलं, तर ते खोटं आहे.

ठिकाण : कोट्टयम, इस्पितळातली खाट
तारीख : ९ ऑक्टोबर २०१९, दुपार, भेटीची वेळ संपत आलेली
सही : एबिन चाक्को

साक्षीदार पहिला : हम्सा, मासे विक्रेता, राहणार एरुमेली (सही केली, केळ्याचा डाग त्यांचाच)

साक्षीदार दुसरा : अजून कुणी नाही. शेल्ली सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, ड्यूटीवर असताना सही करता येत नाही, आणि बाहेर गेली. आता परत आलीय, कंबरेवर हात ठेवून उभी आहे. ती बोलतेय ते तसंच लिहून घेतो :

"ए, लिहिणं थांबव आणि ऐक. तुझा काका अच्चनना घेऊन आजच आलाय. तेलाची डबीपण आहे. पण वॉर्डच्या दारात एक बाई आडवी खुर्ची टाकून बसलीय, दोघांनाही आत सोडत नाही. काकाला सगळ्यांसमोर म्हणाली, 'पोन्नूस सरांच्या उशाशी मी होते. कुणी कुणाला हाक मारली नव्हती.' आता मला विचारतेय, कॉलेजच्या कागदावर आईची सही कुठे करायची. आणि तुला निरोप दिलाय, जप ती बाहेर बसूनच करणार, तू मध्ये बोलायचं नाहीस. काय सांगू तिला?"