माग थांबलेले असताना

बाई, आज प्रयोगशाळेतल्या एका मुलीला मी काम अर्ध्यावर थांबवून घरी पाठवलं, आणि मग दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. पातळ थरात वाहणाऱ्या द्रवावर काम करायला आलेली ही नवी मुलं. तुम्ही मला या विषयात ओढलंत तेव्हा मी त्यांच्याच वयाची होते, पडघ्याहून एसटीने भिवंडीला येत होते, आणि संशोधन म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, पोरगी कॉलेजात पाण्याचं काहीतरी करते.

पहिला धडा तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात दिलात. आतल्या खोलीत तुमचे वडील अर्धांगवायूने पडलेले. त्यांच्यासाठीच तुम्ही मुंबईतली चांगली नोकरी सोडून गावी परत आला होतात. त्यांची पेज शिजते आहे आणि तुम्ही स्टीलच्या ताटावर तेल ओतून ताट हळूहळू कलतं करताहात. तेल गुळगुळीत उतरतं, ताट आणखी कललं की त्यावर बारीक वळ्या उठतात. त्या वळ्या कुठून सुरू होतात ते मला सांग, म्हणालात. मी म्हटलं, कडेपासून. तुम्ही म्हणालात, "पुन्हा बघ. उत्तर माझ्या तोंडाकडे बघून देऊ नकोस." तेव्हापासून तुमच्याकडे मी जरा भीतभीतच बघत आले.

आम्ही दोघं होतो, मी आणि तो. काल्हेरच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून वर्षाने पुढे आणि बुद्धीने बराच पुढे. दोघंही कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर आणि तुमच्या हाताखाली पीएचडीला. धामणकर नाक्याच्या बाजूला कॉलेजची जी मागची शेड होती, तिथे तुम्ही तिरपी काच उभारली होतीत, वर पाण्याची टाकी, आणि फटीतून काचेवर उतरणारा पाण्याचा थर, कागदापेक्षा थोडा जाड. अडचण एकच होती. भिंतीपलीकडे कापडाचे यंत्रमाग चालायचे. त्यांच्या हादऱ्यांनी पाणी सतत थरथरायचं, आणि पाण्याची स्वतःची लाट कोणती नि मागाची कोणती हे कळायचं नाही. आठवड्यातून एका दुपारी वीजकपात व्हायची, म्हणून तीच आमची कामाची वेळ. पंखे बंद, दिवे बंद, माग बंद. खिडकीतलं ऊन आरशाने काचेवर पाडून आम्ही श्वास रोखून बघायचो. त्या शांततेत पहिल्यांदा खरी लाट दिसली तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला होता आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आणि मग ती दुपार. काचेवर कुठेतरी बोटाचा डाग राहिला होता. थर तिथे फाटत होता, मधेच कोरडा ठिपका पडत होता. काच पुन्हा ॲसिडने धुवायला हवी होती. ॲसिडची बरणी पडवीत असायची, आणि ती नेहमी तुम्ही स्वतः आणायचात. त्या दिवशी तुम्ही टाकीची तोटी धरून उभ्या होतात. म्हणालात, "जा, तू आण. लवकर कर, माग सुरू होतील." तो धावतच गेला आणि धावतच आला. फरशी ओली होती. बरणी टेबलाच्या कडेवर फुटली आणि तो तोंडावरच त्यात पडला.

तुम्ही त्याला ओढत टाकीखाली नेलंत, तोटी पूर्ण उघडलीत, आणि दोन्ही हातांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्यात. तुमचे हात भाजत होते. शेजारचे मागवाले रिकामे बसलेले होते, ते धावत आले, अंगावर कापसाची पिंज तशीच. त्यांच्यातला एक म्हातारा त्याचे हात धरून सारखं म्हणत होता, "आँख मत मलो बेटा, मत मलो." तेवढ्यात वीज आली. पलीकडे सगळे माग एकदम सुरू झाले आणि तो काय ओरडत होता ते ऐकू येईना. टेम्पोत घालून त्याला ठाण्याला नेलं. दोन्ही डोळे गेले.

चौकशीआधी प्राचार्यांनी तुम्हाला बोलावलं. मुलगा न विचारता बरणी आणायला गेला एवढं तुम्ही लिहून द्यायचं, म्हणजे कॉलेज वाचेल, शेड राहील, आणि माझंही काम पुरं होईल. तुम्ही चौकशीत सांगितलंत की त्याला मीच पाठवलं आणि घाई करायलाही मीच सांगितलं. शेडला कुलूप लागलं. तुमचं मार्गदर्शकपण गेलं, पहिल्या वर्षाचे वर्ग तेवढे हातात राहिले. मला तुमचा फार राग आला होता. पुढे तुमच्याच स्वयंपाकघरात, पाटावर बसून आकडेमोड करता करता, मी तो बोलूनही दाखवला. तुम्ही पोळ्या लाटत होतात. हातांवर चट्टे होते, लाटणं नीट धरता येत नव्हतं. मान वर न करता म्हणालात, "तो आंधळा झालाय. वर त्याला मूर्खही ठरवू?"

दर रविवारी तुम्ही काल्हेरला जायचात. त्याला काही वाचून दाखवायचात, तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. एकदा मी बरोबर होते. त्याची आई आपल्याला अंगणातच भेटली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. "बाई, तुमी येऊ नका आता. तुमचा आवाज आयकला का तो दोन दोन दिस जेवत न्हाय." तुम्ही तिला नमस्कार केलात. परतताना रिक्षा मिळेपर्यंत आपण उन्हात उभ्या होतो आणि तुम्ही मला समीकरणातली एक चूक समजावून सांगत होतात. कागदावर मार्गदर्शक दुसरे असले तरी माझा प्रबंध प्रयोगातलं काही न वापरता, नुसत्या गणितावर, त्या स्वयंपाकघरात पुरा झाला. तुम्ही कावीळ होऊन गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते.

त्याला मी गेल्या वर्षी भेटून आले. त्यांच्या शेतावर आता गोदामं आहेत, पुतणे सगळं बघतात. तो पुतण्यांबद्दल बोलला, गुडघ्यांबद्दल बोलला. पाण्याचा विषय त्याने काढला नाही, मलाही काढवला नाही. तुमचं नावही निघालं नाही.

आजची ती मुलगी म्हणत होती, मॅडम, अजून थोडा वेळ थांबू द्या, थर आत्ता कुठे स्थिर झालाय. ती थकलेली होती. मी पाणी बंद केलं. उद्या तो थर तसा मिळेलच असं नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. माझी मुलं असंच काम करतात, बाई. बेताचं, वेळेत. आम्ही दोघांनी त्या शेडमध्ये जे पाहिलं ते त्यांच्यातल्या एकालाही दिसलेलं नाही, आणि माझ्या हाताखाली कधी दिसेल असंही वाटत नाही. याचं मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. संध्याकाळी सगळी आपल्या पायांनी घरी गेली की मला तेवढं पुरतं. तुम्ही असतात तर भित्री म्हणाला असतात आणि पुन्हा बघायला लावलं असतंत. खरं सांगायचं तर तुम्ही हयात असतात तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.