काकडीच्या चौदा बरण्या

३ मार्च
सुनेचा नवा उद्योग. कृषी विद्यापीठातल्या प्रशिक्षणातून पौर्णिमा काकडीचं लोणचं शिकून आली — तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही. बोटाएवढ्या काकड्या, मिठाचं पाणी, लसूण, फुलावर आलेला शेपू. पाडव्याआधी बचत गटाचं प्रदर्शन आहे, तिथे मांडायचंय. बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या, चौदा भरल्या. "आई, हे सावलीतच ठेवाचं बरं का. ऊन चालत नाही याले." मी बरं म्हटलं. हात नीटनेटका आहे तिचा. तोंडावर बोलले नाही.

६ मार्च
ती गटाच्या बैठकीला गेली आणि मी बरण्या गच्चीवर नेल्या. चाळीस वर्षं लोणची घालते आहे. ऊन दाखवल्याशिवाय लोणचं टिकतं का कुठे? शेजारची सुरैय्या तिच्या गच्चीवरून म्हणाली, "मास्तरीणबाई, काकड्या काहून भाजून राहिल्या?" पौर्णिमा यायच्या आत खाली आणून ठेवल्या. तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात.

७ मार्च
आजही चार तास ऊन.

१० मार्च
नासलं. चौदाच्या चौदा. पाण्यावर पांढरी साय, काकडी दाबली की बोट आत जातं. वासाचं तर विचारूच नये.

पौर्णिमा स्वयंपाकघरात येऊन खाली बसली, एक बरणी मांडीवर घेऊन. चेहरा उतरलेला. सकाळपासून चारदा न्हाणीत जाऊन आली होती. मी विचारलं — सुरैय्या समोर बसलेली असताना विचारलं — "चार दिवस आहेत ना तुझे? मग बरण्यांना हात कशाला लावलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो. लावला." एवढंच.

सुरैय्याने चहा अर्धा ठेवला. "जातो मी. शिलाई पडली हाय."

अमरावतीला बी.एस्सी. केलं मी. एकतीस वर्षं मुलींना जिवाणू शिकवले. आणि माझ्या तोंडून हे निघालं.

११ मार्च
माझा नितेश सकाळीच अमरावतीहून आला. एरवी शनिवारशिवाय येत नाही. पौर्णिमाला घेऊन मोर्शीला गेला, तिच्या माहेरी. माझ्याशी दोघंही बोलले नाहीत. एवढ्यावरून!

१३ मार्च
होळी. एकटीसाठी पुरण कोण घालणार.

१४ मार्च
सहा काकड्या आणल्या. शेपू, लसूण, मीठ, सगळं तिने केलं तसं. बरणी माठामागे ठेवली, अंधारात. उन्हाला दाखवायची नाही.

१९ मार्च
काकडी कडक आहे. दाताखाली वाजली. आंबट, शेपूचा वास अगदी आतपर्यंत.

म्हणजे उन्हानेच नासलं. मीच नासवलं. आणि खरं लिहायचं तर त्या दिवशी स्वयंपाकघरातही मला हे थोडं कळत होतं. तरी तिच्यावर ढकललं.

मोर्शीला फोन केला. तिच्या आईने, गोदाबाईंनी उचलला. "ते कोनाशीच बोलत नाही, विहीणबाई. निजून राह्यते." प्रदर्शनाचं विचारलं, तर म्हणाल्या, "कायचं प्रदर्शन घेऊन बसल्या तुमी." फोन ठेवला.

माफी मागायची. ओट्याशी उभी राहून वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं — पौर्णिमा, बरण्या मी उन्हात ठेवल्या होत्या. पाच-सहा शब्द. तिसऱ्यांदाही आवाज फाटला. वर्गात पोरींना उभं करून चुका कबूल करायला लावत होते मी, सगळ्यांदेखत. कशा म्हणत असतील त्या?

२१ मार्च
नितेश फोन उचलत नाही. आज जेवले नाही. घरात कोणी विचारणारं नाही, तेव्हा त्याचं काही नाही.

२३ मार्च
नितेश आला. पौर्णिमाचे कपडे न्यायला. तो बॅग भरत होता तेव्हा दारात उभी राहून मी ते वाक्य म्हटलं. त्याने मान वर केली नाही.

"आई, बरण्याचं कोन बोलून राहिलं?"

तिसरा महिना होता तिला. पाडव्याला दोघं मला सांगणार होते. त्या दिवशी सकाळपासून रक्त जात होतं, आणि मला तेच सांगायला ती स्वयंपाकघरात येऊन बसली होती.