बुडालेल्यांची घंटा

नामपूरच्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. शिपाई त्यावर लोखंडी हातोडीचा टोला हाणायचा आणि आम्ही पोरं एका सुरात म्हणत असलेली कविता ओळीच्या मध्यावरच थांबायची. टोल मात्र कांद्याच्या खळ्यांपर्यंत घुमत जायचा. तो रूळ आज माझ्या मालमत्तेत आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

मी, सोमनाथ देवराम खैरनार, वय चौऱ्याहत्तर, माजी कार्यशाळा अधीक्षक, राहणार लाम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण हट्टावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काळजी हृदयाची नाहीच, घरामागच्या शेडची आहे. मी काही न लिहिता गेलो, तर सगळं एकुलत्या एका मुलाकडे जाईल आणि वर्षभरात शेडच्या जागी चार मजले उभे राहतील.

कलम १. राहतं घर, बँकेतील ठेवी आणि माझी दिवंगत पत्नी सुलाबाई हिचे दागिने चि. ललित यास द्यावेत. ललित वाईट मुलगा नाही. पुण्याला राहून त्याला सगळी जमीन रिकामी दिसू लागली आहे, एवढंच. गेल्या महिन्यात म्हणाला, "नाना, किती दिवस भंगार सांभाळणार? बिल्डर चांगला माणूस आहे. तुमची घंटा आपण खाली लॉबीत लावू ना, मस्त पॉलिश करून." पॉलिश करून! बाळा, घर तुझं. शेडला हात लावायचा नाही.

कलम २. शेड, त्याखालची जमीन, लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं सामान आणि तो रूळ गोरक्ष शिरसाठ आणि सविता भोये या माझ्या दोन विद्यार्थ्यांना सामाईक मिळावं. त्यांनी हे विकू नये, गहाण टाकू नये. नवा धंदा करू पाहणाऱ्या कोणालाही तिथे काम करू द्यावं. मार्क विचारू नयेत, जात तर नाहीच नाही.

शेडची रीत मोडू नये. रीत अशी की ज्याचा धंदा बुडाला, त्याने येऊन रुळावर टोला मारायचा. बाकीच्यांनी यंत्रं बंद करायची, चहा ठेवायचा आणि कसं बुडालं ते त्याच्या तोंडून ऐकायचं. त्या दिवशी हसायला परवानगी आहे, सल्ला द्यायला नाही. सल्ला दुसऱ्या दिवशी.

ही रीत मी कार्यशाळा सांभाळायचो त्या कॉलेजातच पडली. नामपूरच्या शाळेत विजेची घंटा आली तेव्हा रूळ मी मागून आणला आणि कॉलेजच्या कार्यशाळेत टांगला. १९९२ साली गोरक्षने कांदा निवडायचं यंत्र केलं. आम्ही ते नामपूरच्या बाजारात नेलं. यंत्राने कांदे निवडले कमी, सोलले जास्त. एक व्यापारी अहिराणीत म्हणाला, "मास्तर, हाई मशीन शे का किसनी?" सगळा बाजार हसला. परतल्यावर गोरक्षला तोंड लपवायला जागा सापडेना. मी त्याच्या हातात हातोडी दिली आणि म्हणालो, "लपवतोस कशाला? वाजवून सांग."

टोल ऐकून प्राचार्य धनराज सोनजे धावत आले. "खैरनार, कॉलेजात अपयशाची घंटा वाजवता? उद्या ॲडमिशन कोण घेईल?" दुसऱ्या दिवशी त्यांनी रूळ उतरवून भंगारात घातला. मी तो भंगारवाल्याकडून परत विकत घेतला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मग घरामागे ही शेड उभारून रूळ तिथे टांगला.

सविता पेठहून शेडमध्ये यायची. नागलीची बिस्किटं करायची. १९९९च्या पावसाळ्यात टोला मारून खाली बसली आणि म्हणाली, "सर, समदा माल सादळला. दुकानदार म्हणतो, ढोरांना घाल." त्या दिवशी आम्ही तीच मऊ बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. सकाळी गोरक्षने पिशव्यांची तोंडं हवाबंद करणारं यंत्र बनवायला घेतलं. आज पेठला तिच्या हाताखाली गावातल्या बाया काम करतात. मी काहीच शिकवलं नाही. मी फक्त दार उघडं ठेवलं.

कलम ३. आता तेच कॉलेज शेड मागत आहे. उद्योजकता केंद्र करणार, माझ्या नावाची पाटी लावणार, फक्त घंटा नको म्हणतात. माझं उत्तर इथे कायमचं नोंदवतो: नाही. शाल घेऊन आले तरी नाही. दरवर्षी त्यांचा मेळावा भरतो. यशस्वी माणूस हार घालून घेतो, कष्टाचं फळ गोड असतं म्हणतो आणि मोटारीत बसून जातो. खाली बसलेल्या पोराला त्यातून काय मिळतं? कॉलेजला खरंच काही करायचं असेल तर कार्यशाळेचं कुलूप संध्याकाळीही उघडं ठेवावं. पोरांना पहिलं गिऱ्हाईक गाठून द्यावं. आणि मेळाव्यात एक खुर्ची बुडालेल्या माणसासाठी मांडावी, हारासकट.

कलम ४. माजी प्राचार्य धनराज सोनजे यांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. एक खिळाही नाही. त्यांच्यावरचा राग मी चौदा वर्षं तेलपाणी करून जपला आहे. त्याला वारस नेमत नाही, तो माझ्याबरोबर जाईल.

कलम ५. कवितांची माझी जुनी क्रमिक पुस्तकं लेथशेजारच्या फळीवरच राहावीत. लेथ फिरू लागला की मला अजून त्या वर्गातला सूर ऐकू येतो, खिडकीतून येणाऱ्या कांद्याच्या वासासकट. पुस्तकं तेलकट हातांनीच वाचावीत. चहाचं मोठं पातेलं कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या सरुबाईंना द्यावं. त्या ते कधीपासून मागताहेत.

कलम ६. साक्षीदार. तोफखान्यातले निवृत्त हवालदार बहिरू गायधनी, माझे शेजारी, समोर बसले आहेत. वरचं सगळं वाचून ते म्हणाले, "मास्तर, दुसरा गडी कुठं हाय? साक्षीला दोघं लागत्यात."

गोरक्ष आणि सविता मागे शेडमध्येच आहेत, पण शेड त्यांनाच मिळणार. घर ललितला. मी सरुबाईंचं नाव काढलं.

"तिला पातेलं दिलंय ना? ज्याला मिळतंय त्याची साक्ष नको, उद्या कोर्टात भांडण व्हायचं. काहीच न मिळणारा माणूस हुडका. तुम्ही तर लय वाटून बसलात!"

असा माणूस मला आठवेना. ललित सकाळच्या गाडीने यायचा होता, त्याआधी सह्या व्हायला हव्या होत्या. दुसऱ्या सहीवाचून हा कागद म्हणजे नुसती रद्दी. तेवढ्यात दार वाजलं.

दारात सोनजे. अंगावर मेळाव्यातला कोट नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी जावयाबरोबर द्राक्षाच्या रसाचा कारखाना काढला होता, हे ऐकून होतो. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "खैरनार, कारखान्याला आज कुलूप लावलं. घरी अजून सांगितलं नाही. तुमची हातोडी कुठे असते?"

"हे कोण?" हवालदारांनी विचारलं.

"कलम चार," मी म्हणालो.

हवालदारांनी कलम पुन्हा वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "खिळाही नाय! मग उभे काय करता? बसवा की त्यांना!"

सोनजे यांनी कलम चार दोनदा वाचलं. "योग्य लिहिलंय," म्हणाले. "पेन द्या."

"आधी टोला," मी म्हणालो.

मागे शेडमध्ये रूळ वाजला. लेथ थांबला, ड्रिल थांबलं. सविताने चहा ठेवल्याचं कळलं. त्यानंतर खालील सह्या झाल्या.

मृत्युपत्र करणार: सोमनाथ देवराम खैरनार

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष आणि माझ्यासमक्ष सही केली:
१. बहिरू गायधनी, निवृत्त हवालदार
२. धनराज सोनजे, निवृत्त प्राचार्य, कलम ४ प्रमाणे काहीही न मिळणारे

ठिकाण: देवळाली कॅम्प, नाशिक
दिनांक: १७ नोव्हेंबर २००६